बलुते, परवाना आणि अर्ज : परभणीतील कलाश्रयाचा एक इतिहास

मराठी वाङ्मयाचा इतिहास वर्गात शिकवताना 'राजाश्रय' आणि 'लोकाश्रय' हे दोन शब्द आपण फार सहजपणे वापरतो. पंडिती काव्याला राजाश्रय होता, संतकाव्याला व शाहिरीला लोकाश्रय होता, असे एक वाक्य फळ्यावर लिहिले की प्रकरण संपते. हा आश्रय प्रत्यक्षात कोणत्या रूपाने कलावंताच्या घरात पोहोचत होता, धान्य म्हणून, वेतन म्हणून की मनीऑर्डर म्हणून, आणि तो मिळवण्यासाठी कलावंताला कोणापुढे, कोणत्या भाषेत उभे राहावे लागत होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात तो परभणी जिल्ह्यापुरता विचारण्याचा प्रयत्न आहे. जिल्हा लहान आहे. तरीही गेल्या शंभर वर्षांत येथे आश्रयाच्या तीन भिन्न व्यवस्था एकामागून एक येऊन गेल्या आहेत. त्यांना मी अनुक्रमे बलुते, परवाना आणि अर्ज अशी नावे देतो.

१

पहिली व्यवस्था गावाची. गोंधळी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी घेऊन लग्नकार्यानंतर यजमानाच्या अंगणात रात्रभर गोंधळ घालणारा हा कलावंत गावगाड्यात अलुतेदारांच्या यादीत मोडत असे. माहूरची रेणुका आणि तुळजापूरची भवानी या त्याच्या दोन देवता, आणि रेणुराई व कदमराई या त्याच्या दोन शाखा. मराठवाड्याच्या घराघरांतील कुलाचाराशी त्याची कला अशी बांधलेली होती की त्याला बोलावल्यावाचून कार्य पुरे होत नसे. परभणीच्या राजाराम कदमांसारख्या गोंधळ्यांमुळे हे विधिनाट्य पुढे अंगणातून रंगमंचापर्यंत आणि अभ्यासकांच्या टिपणवहीपर्यंत गेले.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह आवरला पाहिजे. जे मिळे ते जातीचा हक्क म्हणून मिळे, आणि हक्काबरोबर जातीचे बंधनही येई. गोंधळ्याच्या मुलाने गोंधळच घालावा, ही त्या आश्रयाची अट होती. मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते. आपण कलावंत आहोत हे गोंधळ्याला कागदावर सिद्ध करावे लागत नव्हते. त्याचा परीक्षक त्याच्या समोर, घोंगडीवर बसलेला असे.

आणि जिला हाही आश्रय नव्हता तिचे काय? याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईने दळणकांडणाच्या श्रमातच अभंगाला जागा करून दिली. पोटाचा उद्योग वेगळा आणि शब्दांचा उद्योग त्याच्या फटीतला, ही परभणीच्या साहित्यिकांची जुनीच रीत आहे असे म्हणावे लागेल. पुढे एका कारकुनाच्या आयुष्यात ती पुन्हा भेटते.

२

दुसरी व्यवस्था निजामी राजवटीची. निजामाच्या राज्यात साहित्याला आश्रयच नव्हता, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. आश्रय होता, आणि तो भरघोस होता. १९१७ साली हैदराबादेत भाषांतर विभाग स्थापन झाला व १९१८ साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. विज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान यांवरील ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी तेथे पगारी विद्वान नेमले गेले. जोश मलीहाबादींसारखा कवी या विभागात नोकरीला होता. इतके लांब जायलाही नको. आपल्या औरंगाबादेत १९१३ पासून मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम चालवले. 'उर्दू' हे त्रैमासिक १९२१ साली तेथूनच निघाले, आणि १९३८ साली ही संस्था दिल्लीला जाईपर्यंत मराठवाड्याच्या भूमीवर सरकारी साहाय्याने एक मोठे वाङ्मयीन कार्य चालू होते. संस्थेला स्थिर अनुदान आणि एका निष्ठावंत माणसाला निश्चिंती मिळाली तर पंचवीस वर्षांत भाषेचे केवढे काम उभे राहू शकते, याचा तो वस्तुपाठ आहे. मराठीच्या अभ्यासकांनी त्याकडे असूयेने न पाहता अभ्यासाच्या दृष्टीने पाहावयास हवे.

निजामाने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरालाही महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९३२ मध्ये वर्षाला १,००० रुपये याप्रमाणे ११ वर्षे आणि अतिथिगृहासाठी ५०,००० रुपये मंजूर केले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. म्हणजे संस्कृत महाभारताला पुण्यात अनुदान मिळत होते. त्याच काळात परभणीत मराठी बोलणाऱ्या चार माणसांना एकत्र जमून व्याख्यान ऐकायचे तर परवानगी काढावी लागत होती. १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने सभांना पूर्वपरवानगी सक्तीची केली होती, आणि तिच्या जाळ्यात साहित्यसभाही सापडत. याच परिस्थितीत १९३७ साली, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले.

येथे कळीचा मुद्दा असा की राज्यकर्त्याचे औदार्य आणि प्रजेचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भरपूर असूनही दुसरी शून्य असू शकते. दूरच्या, प्रतिष्ठित, निरुपद्रवी ग्रंथाला देणगी मिळते. जवळच्या, जिवंत, बोलणाऱ्या भाषेला परवाना लागतो. हा नियम केवळ निजामापुरता आहे असे समजण्याचे कारण नाही.

३

या परवान्याच्या काळातच बी. रघुनाथ लिहीत होते. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. १५ ऑगस्ट १९१३ रोजी सातोना येथे जन्म, हैदराबादेत मॅट्रिकपर्यंत शिक्षण, आणि मग निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी. रस्त्यांची, पुलांची, इमारतींची कागदपत्रे हाताळणाऱ्या या माणसाने वीसेक वर्षांत कविता, कथा, कादंबरी, ललित निबंध या सर्व प्रकारांत लेखन केले. 'आलाप आणि विलाप' हा काव्यसंग्रह १९४१ चा. 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल' हे कथासंग्रह, 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात', 'जगाला कळले पाहिजे' या कादंबऱ्या, 'अलकेचा प्रवासी' हे निबंध. ही सारी संपदा एका कारकुनाच्या फावल्या वेळेतली आहे. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, नोकरीत असतानाच, परभणीत त्यांचे निधन झाले. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा काव्यसंग्रह आणि 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी त्यांच्या पश्चात वाचकांच्या हाती आली. त्यांना आयुष्य मिळाले ते चाळीस वर्षे आणि तेवीस दिवसांचे.

आता काही तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. संगीत नाटक अकादमी १९५३ मध्ये आणि साहित्य अकादमी मार्च १९५४ मध्ये स्थापन झाली. तेव्हाच्या मुंबई राज्यात वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून सुरू झाली. पण परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन होऊन तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. आश्रयाच्या आधुनिक महाराष्ट्रातील जवळजवळ सर्व संस्था बी. रघुनाथांच्या मृत्यूनंतर अवघ्या सात वर्षांत उभ्या राहिल्या.

थोडे आधी हे झाले असते तर, अशी हळहळ आपण व्यक्त करतो. परंतु हळहळीपेक्षा कठोर प्रश्न असा आहे : बी. रघुनाथ आणखी दहा वर्षे जगले असते तरी या व्यवस्थेत त्यांना जागा कोठे होती? मानधन योजनेसाठी वयाची पन्नाशी ओलांडलेली हवी आणि उत्पन्न तुटपुंजे हवे. त्यांचे वय कमी होते, आणि कारकुनाचा का होईना, पगार होता. नवलेखक अनुदान पहिल्या पुस्तकासाठी असते. त्यांची पुस्तके आधीच निघालेली होती. म्हणजे लेखकाच्या आरंभाला एक हात आहे आणि अखेरीला एक हात आहे. मधली तीस वर्षे, ज्यांत प्रत्यक्ष लेखन होते, त्यांच्यासाठी आहे ती कचेरीची फाईल.

४

तिसरी व्यवस्था अर्जाची. तिचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. साहित्य संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानामुळे पुण्या-मुंबईतील प्रकाशकांचे दार ज्यांना माहीत नव्हते अशा खेड्यांतील कवी-कथाकारांची पहिली पुस्तके छापली गेली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने तालुक्याच्या गावांतील वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वार्षिक अनुदान दिले. परभणीचे गणेश वाचनालय यासारख्या जुन्या संस्थांच्या भोवतीच येथील वाचक आणि लेखक घडले. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षस्थानी नारायण सुर्वे होते. गिरणीत राबलेला, शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालेला कवी बी. रघुनाथांच्या गावी अध्यक्ष म्हणून यावा, हा योग अर्थपूर्ण होता. पुढे २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच जिल्ह्यातील आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला मिळाला. लोमटे पत्रकार आहेत. पोटाचा उद्योग वेगळा, ही रीत येथेही कायम आहे.

परंतु अर्जाची स्वतःची एक भाषा असते, आणि ती सर्वांना येत नाही. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध लोककलावंत मानधनाचा अर्ज भरून घेण्यासाठी आमच्या विभागात आले होते. अर्जात कलाक्षेत्रातील योगदानाचे पुरावे मागितले होते : प्रमाणपत्रे, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रांतील कात्रणे. त्यांच्याकडे यांतले काहीच नव्हते. ज्या घरांत त्यांनी गोंधळ घातला त्या घरांनी कधी निमंत्रणपत्रिका छापली नव्हती. "गुरुजी, म्हणून दाखवू का?" असे त्यांनी विचारले. अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. मी शेवटी साध्या कागदावर एक शिफारसपत्र लिहून दिले. ज्याने ती कला कधी केली नाही अशा माणसाची सही, ज्याने आयुष्यभर ती केली त्याच्यासाठी पुरावा ठरावी, याची लाज त्या दिवशी वाटली ती अजून वाटते.

हे मानधन २०२४ साली वाढवून सर्व पात्र कलावंतांना सरसकट महिना ५,००० रुपये करण्यात आले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. वाढ स्वागतार्हच आहे. तरी या योजनेची मूळ दृष्टी करुणेची आहे. कलावंत थकला, आता त्याला जगवावे, हा तिचा भाव. अधिछात्रवृत्ती, म्हणजे ज्याला आपण फेलोशिप म्हणतो, तिची दृष्टी निराळी असते : याला अजून काही करायचे आहे, तोवर त्याला मोकळीक द्यावी. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती, अनुक्रमे दरमहा १०,००० आणि २०,००० रुपये, दोन वर्षांसाठी, याच हेतूने आहेत. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली आणि कलांच्या अभ्यासाला व निर्मितीला अनुदाने देते. पण या दारांपर्यंत जाण्यासाठी 'प्रकल्प' लिहावा लागतो : उद्दिष्टे, पद्धती, वेळापत्रक, अंदाजपत्रक. जिल्ह्याच्या ठिकाणी ही भाषा बऱ्यापैकी येते ती आम्हा प्राध्यापकांना. आणि आम्ही ती बहुधा स्वतःसाठी वापरतो, हेही कबूल केले पाहिजे.

५

बी. रघुनाथांच्या नावाने आज परभणीत सभागृह आहे, महोत्सव होतो. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) नाथ समूह आणि 'परिवर्तन' ही संस्था त्यांच्या स्मृतिदिनी पुरस्कार देते. ज्याला जिवंतपणी आश्रय मिळाला नाही त्याचे नावच पुढच्यांसाठी आश्रय झाले, ही गोष्ट समाजाच्या कृतज्ञतेची साक्ष आहे. पण पुरस्कार झालेल्या कामाला मिळतो. व्हायच्या कामाला काय मिळते?

या इतिहासातून मला दिसतो तो निष्कर्ष साधा आहे. बलुत्याने कलावंताला ओळखले, पण बांधून ठेवले. परवान्याने त्याला मोकळे सोडले नाही आणि पोसलेही नाही. अर्जाने त्याला प्रथमच नागरिक मानले, जातीवाचून आणि मेहरबानीवाचून मागण्याचा अधिकार दिला, ही त्याची मोठी कमाई. आता उणीव आहे ती अर्ज वाचणाऱ्याने अर्जदाराचे गाणे ऐकण्याची. निवड समिती कागद पाहण्यापूर्वी अंगणात जाऊन बसली आणि लेखक पन्नाशीचा होण्याआधी त्याला दोन वर्षांची मोकळीक मिळाली, तर तिन्ही व्यवस्थांतील चांगले ते एकत्र येईल.

तोवर आपल्यापुरते एक करता येण्यासारखे आहे. मराठी विभागातील प्रत्येकाने वर्षाला एक अर्ज दुसऱ्यासाठी लिहावा. ज्याला ती भाषा येत नाही त्याच्या शेजारी बसून, आधी त्याचे म्हणणे ऐकून. त्या दिवशी मी त्या वृद्ध कलावंताला म्हणून दाखवा असे सांगितले नव्हते; तास सुरू व्हायचा होता.