जंबूकाकांचे पुणे

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्याने जाताना फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचे प्रवेशद्वार लागते. आत गेल्यावर जुन्या चित्रशाळेच्या उंच, ओक्याबोक्या भिंती दिसतात. या परिसरातील एका रस्त्याला आजही 'प्रभात रस्ता' असेच नाव आहे. प्रभात फिल्म कंपनीचे नाव घेताच 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस' आणि 'शेजारी' हे चित्रपट आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु १९३४ साली याच प्रभातने कागदावरच्या एका कोल्ह्याला पडद्यावर नाचवले होते, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे. त्या कार्टूनपटाचे नाव होते 'जंबूकाका'. संस्कृतात जंबुक म्हणजे कोल्हा. त्याला 'काका' म्हटले की तो आपल्या आळीतलाच एक इरसाल गृहस्थ होऊन जातो. आजच्या या लेखात आम्ही त्या काकांची, त्यांच्या पूर्वजांची आणि वारसांची थोडी विचारपूस करणार आहोत.

या कुळाचा मूळ पुरुष शोधू गेल्यास आपण दादासाहेब फाळके यांच्यापाशी येऊन ठेपतो. तेथे आम्हा ख्रिस्ती वाचकांना एक ओळखीची खूणही सापडते. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका चित्रपटगृहात फाळके यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता, बोलत होता, दुःख सोशीत होता. ते पाहताना फाळके यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली. ही हकिकत त्यांनी स्वतःच पुढे 'नवयुग' मासिकात लिहून ठेवली आहे. एका धर्माच्या कथेने दुसऱ्या धर्मातील कलावंताला आपल्या घरच्या कथेकडे वळवावे, ही घटना आम्हाला फार मोलाची वाटते. भारतीय चित्रपटाच्या पाळण्याची एक दोरी अशी बेथलेहेमला बांधलेली आहे.

फाळके यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठले आणि कॅमेरा विकत आणला. पण पैसे गुंतविणाऱ्यांचा विश्वास कसा मिळवावयाचा? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला आणि दिवसागणिक थोडे थोडे चित्रण करीत गेले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात दिसली! जमिनीतून अंकुर वर येतो, पाने फुटतात, वेल चढू लागतो, हे पाहून सावकारांचे हात सैल झाले. एक चित्र, मग थोडा विराम, मग पुढचे चित्र, हेच ॲनिमेशनचे मूळ सूत्र होय. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात झळकला. त्याच्या मुळाशी हे वाटाण्याचे रोप होते.

पहिले महायुद्ध पेटले आणि भांडवल आटले. त्या अडचणीच्या दिवसांत, १९१५ साली, फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा पट केला. त्यात नट नव्हते, वेशभूषा नव्हती, राजवाडे नव्हते. काड्यापेटीतल्या काड्या इकडून तिकडे सरकवायच्या, एकेक चित्र घ्यायचे आणि पडद्यावर त्यांचा खेळ मांडायचा, एवढाच मामला. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ मध्येच असे आगकाड्यांचे खेळ केले होते. त्याच वर्षी त्याने सुमारे सातशे रेखाचित्रे काढून जेमतेम दोन मिनिटांचा 'फँटॅस्मॅगोरी' हा कार्टूनपट बनविला होता. गरिबीत विनोद सुचणे हा कलावंताचा स्वभावधर्मच असावा. हाती पैसा असता तर फाळके यांनी त्या वर्षी कदाचित दुसरा एखादा भव्य पौराणिक पट केला असता. पैसा नव्हता, म्हणून मराठी माणसाच्या हातून हलत्या वस्तूंचा एक विनोदी खेळ जन्मला. तो पट आज उपलब्ध नाही.

आता पुन्हा प्रभातकडे वळू. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी या पाच भागीदारांनी ही संस्था स्थापन केली. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ही मंडळी घडली होती. दामले आणि फत्तेलाल हे तर मुळात कुंचल्याचे धनी. नेपथ्याची आणि चित्रकलेची त्यांची तालीम बाबूरावांच्याच हाताखाली झालेली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली आणि १९३४ चा 'अमृतमंथन' हा तिचा पुण्यातला पहिला चित्रपट ठरला. 'जंबूकाका' त्याच वर्षीचा. चित्रकार रघुनाथ केळकर यांच्या हातून तो साकारला.

हे पुण्यातच आणि प्रभातमध्येच का घडावे? याची कारणे आम्हाला दोन दिसतात. पहिले असे की, प्रभात ही चित्रकारांनी चालविलेली कंपनी होती. ज्याला रेषा कळते, त्याला हलती रेषाही खुणावते. दुसरे कारण साहसाचे. १९३३ साली याच मंडळींनी 'सैरंध्री' रंगीत करण्याचा प्रयत्न केला आणि त्यासाठी जर्मनीची वाट धरली. तो प्रयोग फसला, तरी त्यांची उमेद खचली नाही. त्याच सुमारास वॉल्ट डिस्ने यांचा मिकी उंदीर जगभर पोहोचला होता. 'स्टीमबोट विली' १९२८ चा, तर 'थ्री लिटल पिग्ज' १९३३ चा. परदेशी उंदीर आणि डुकरे आपल्या पडद्यावर नाचतात, तर आपल्या पंचतंत्रातल्या कोल्ह्याने काय पाप केले आहे, असा प्रश्न एखाद्या मराठी चित्रकाराला पडला असल्यास नवल नाही. त्याच १९३४ साली कलकत्त्यात गुणमय बॅनर्जी यांचा 'पी ब्रदर्स' हा कार्टूनपटही आला. म्हणजे बंगाल आणि महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी हे बीज अंकुरत होते.

मग जंबूकाकांचे पुढे घराणे का झाले नाही? वाचकांनी येथे थोडे गणित सोसावे. बोलपटाची फीत एका सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने फिरते. सात मिनिटांच्या कार्टूनपटासाठी १०,०८० चित्रचौकटी लागतात. एक रेखाटन दोन चौकटींना पुरविले, तरी ५,०४० रेखाटने झालीच. एका चित्रकाराने दिवसाला वीस नेटकी रेखाटने काढली, तर त्याला २५२ दिवस बसावे लागेल. इतके श्रम घेऊन तयार झालेला पट मुख्य चित्रपटाच्या आधी दाखविला जाणार आणि सात मिनिटांत संपणार. त्याचे वेगळे तिकीट नाही. डिस्ने यांच्यापाशी हजारो चित्रपटगृहांचे जाळे होते, तेथे खर्च वाटला जाई. मराठी आणि हिंदी बोलपटाच्या मर्यादित बाजारात तो कसा भरून निघावा? आमच्या मते जंबूकाकांना प्रतिभेचा अभाव बाधला नाही. त्यांना घात केला तो या हिशेबाने.

पुढे हा खर्च सरकारने उचलला. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून विभाग सुरू झाला. डिस्ने यांच्याकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथे आपल्या तरुणांना शिकविले. १९३९ मध्येच 'सुपरमॅन्स मिथ' हा कार्टूनपट करणारे जी. के. गोखले आणि नव्या दमाचे राम मोहन यांच्यासारखे कलावंत तेथे होते. १९५७ मध्ये जातककथेवरील 'बनियन डीअर' तयार झाला. १९७४ साली मराठी विदुषी विजया मुळे यांनी भीमसेन यांच्या साहाय्याने 'एक, अनेक और एकता' हा छोटा पट घडविला. जाळ्यासह उडून जाणारे ते पक्षी आमच्या पिढीने दूरदर्शनवर पाहिले आहेत. घरोघरीच्या मुलांना एकीचे बळ त्या सात मिनिटांनी जेवढे शिकविले, तेवढे किती भाषणांनी शिकविले असेल? मात्र सरकारी पैशाबरोबर सरकारी विषयही आले. उपदेश वाढला आणि निखळ खोडकरपणाला जागा कमी उरली.

दरम्यान प्रभातचा सूर्य मावळला. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले, दामले १९४५ मध्ये निवर्तले, आणि पन्नाशीच्या दशकात कंपनी बंद पडली. १९६० साली त्याच वास्तूत केंद्र सरकारची चित्रपटशिक्षण संस्था आली आणि १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. जुने पट जपले जातील अशी आशा निर्माण झाली. परंतु जुनी फीत नायट्रेटची असते, आणि ती बारुदासारखी पेट घेते. ८ जानेवारी २००३ रोजी या संग्रहालयाच्या पुण्यातील नायट्रेट फितींना आग लागली आणि मौल्यवान जुने पट जळून गेले. त्यात प्रभातच्याही मूळ फिती होत्या. कलावंताने वर्षभर एकेक रेघ ओढून उभे केलेले हसू काही तासांत राख होते, ही कल्पनाच अंगावर काटा आणते.

आणि तरीही हसू संपत नाही. आमच्या ओळखीच्या तीन तरुणांनी वडगाव शेरीतील एका लहान सदनिकेत कार्टूनची चित्रशाळा थाटली आहे. त्यांना भेटण्याचा योग मध्यंतरी आला. एक जण संवाद लिहितो, दुसरी पाटीसारख्या पडद्यावर रेखाटते, तिसरा आवाज जुळवितो. आवाजाचे दालन म्हणजे घरातले कपाट. आत गोधड्या टांगल्या की घुमणारा नाद मरतो. भांडखोर शेजारणीला आवाज दिला आहे तो त्यांच्या आत्याबाईंनी! विषय सगळे घरगुती: पाण्याचा टँकर, दुचाकीवरून दुपारी एक ते चारची झोप मोडणारा पाहुणा, लग्नात आहेराची पाकिटे मोजणारे काका. पट पूर्ण झाला की इंटरनेटवर ठेवतात. ना वितरक, ना चित्रपटगृहाचा मालक. जंबूकाकांना ज्या हिशेबाने मारले, त्यातील निम्मा हिशेब आज पुसला गेला आहे. उरलेला निम्मा तसाच आहे. घरभाडे कोठून द्यावयाचे, हा प्रश्न त्या तिघांना महिन्याच्या पहिल्या तारखेस पडतोच. म्हणून दिवसा ते जाहिरातींची कामे करतात आणि रात्री स्वतःची.

त्यांना आम्ही विचारले, "तुमचे हे काम पन्नास वर्षांनी कोणाला पाहता येईल काय?" ती मुलगी हसली आणि म्हणाली, "काका, आमचे पहिले पाच पट आम्हालाच उघडत नाहीत." आम्हाला प्रथम अर्थ कळला नाही. मग तिने समजावून सांगितले. एके काळी इंटरनेटवरील कार्टून 'फ्लॅश' नावाच्या साधनाने बनत. ती दाखविणारे साधन कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचे बंद केले. त्या साच्यात ठेवलेले जगभरचे असंख्य छोटे विनोदपट नेहमीच्या संगणकावर उघडेनासे झाले. नायट्रेट जळते, आणि फ्लॅश गप्प होते. ज्वाळा दिसत नाहीत एवढाच काय तो फरक.

विनोदी चित्रे जपण्याजोगी असतात काय, असे कोणी विचारील. आम्ही म्हणू, अवश्य असतात. एखाद्या काळाचे दुःख त्याच्या बखरींत सापडते. त्या काळाचे लोक आपसात कशाला हसत होते, हे मात्र अशा क्षुल्लक वाटणाऱ्या कृतींतूनच कळते. स्वतःच्या डोळ्यातील मुसळ न पाहता भावाच्या डोळ्यातील कुसळ शोधणारा माणूस शुभवर्तमानात आपल्याला भेटतो. ते शब्दांनी काढलेले एक व्यंगचित्रच नव्हे काय? अतिशयोक्तीने रेखाटलेली, चटकन हसवणारी आणि मग अंतर्मुख करणारी ती आकृती दोन हजार वर्षे टिकली, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढच्यांच्या हाती दिली.

तेव्हा वाचकहो, एक विनंती करावीशी वाटते. आपल्या चर्चच्या सभागृहातील नाताळच्या नाटुकल्यांच्या ध्वनिफिती, जुन्या हस्तलिखित अंकांतील व्यंगचित्रे, मुलांनी संगणकावर केलेले हलते खेळ हे सारे माळ्यावर किंवा बंद यंत्रात कोठेतरी पडलेले असेल. ते बाहेर काढा, नव्या साधनावर उतरवा, प्रत दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यावर कोणी, कधी, कशासाठी केले ते लिहा. प्रभातच्या जंबूकाकांना ओळखणारा, त्यांना प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. वडगाव शेरीच्या आत्याबाईंचा आवाज मात्र अजून आपल्या हाती आहे. त्या तिघांनी आम्हाला निरोप देताना आपल्या सगळ्या पटांच्या प्रती एका छोट्या पेटीत घालून दिल्या. ती पेटी आम्ही घरातल्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या दाखल्यांशेजारी ठेवली आहे.