शाळेतला वाद मिटवायचा, पण कोणाला बाहेर काढून?

शाळेत जातीवरून किंवा धर्मावरून वाद झाला की मुख्याध्यापक सांगतात, "दोघांनीही समजून घ्या." ऐकायला गोड वाटते. पण एकाने अपमान केला आणि दुसऱ्याने सोसला, तर समजून कोणी घ्यायचे?

नाशिकचा इतिहास बघा. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे पाच वर्षे लढवला. एप्रिलमधल्या रथोत्सवात सत्याग्रहींवर दगड पडले. मग जिल्ह्यातल्या गावागावांत सूड सुरू झाला. अस्पृश्यांना रस्ते बंद, दुकानात माल बंद आणि त्यांच्या लेकरांना शाळा बंद! बापाने माणुसकीचा हक्क मागितला, शिक्षा पोराला झाली. वर्गात 'शांतता' नांदली, कारण ज्यांच्यावर अन्याय झाला तेच वर्गाबाहेर होते.

ही युक्ती जुनी आहे. १८५६ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. सवर्ण मुले शाळा सोडतील या भीतीने सरकारने त्यालाच नकार दिला. एकट्या मुलाचा हक्क बुडाला आणि त्याला व्यवहार म्हटले गेले.

मग बदल कशाने झाला? विनवण्यांनी नाही. १९१९ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. १९२३ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळांचे अनुदान रोखण्याचे धोरण जाहीर केले. आणि नाशिकच्या अनुभवाने हेही शिकवले की हुकूम कागदावर असला तरी गावाची सत्ता ज्यांच्या हाती, शाळेचे दारही त्यांच्याच हाती.

आज नाशिक जिल्ह्यातल्या वर्गांत बौद्ध, मराठा, कोकणा, भिल्ल, मुस्लिम, परप्रांतीय कामगारांची मुले शेजारी बसतात. वाद होणारच. अशा वेळी त्रास झालेल्या मुलाचाच बाक बदलणे, तुकडी बदलणे, दाखला हातात देणे ही १९३० चीच पुनरावृत्ती आहे.

मित्रांनो, हत्यार आपल्या हातात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम १७ मुलांच्या मानसिक छळाला बंदी घालते. कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, त्यात वंचित घटकांना प्रमाणात जागा हवी. तुमच्या वस्तीतल्या शाळेच्या समितीत आपले कोण आहे? माहीत नसेल तर आधी ते विचारा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

समेट जरूर करा. पण आपले लेकरू वर्गात बसलेले असतानाच!

जयभीम.