वेदनेचे कारण

विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. रक्तवाहिन्या मात्र अदृश्यच राहिल्या. क्ष-किरण अडविणारे एखादे द्रव्य आत सोडल्यावाचून त्या दिसणे शक्य नव्हते.

१९३० च्या सुमारास अशी दोन प्रकारची द्रव्ये प्रचारात आली. थोरोट्रास्ट टोचताना रोग्याला फारसा त्रास होत नसे. परंतु त्यातील किरणोत्सर्गी थोरियम यकृतात कायमचे साठून राही. कित्येक वर्षांनी अनेकांना त्यापायी यकृताचा कर्करोग झाला. दुसरा प्रकार आयोडीनयुक्त क्षारांचा. हे क्षार त्या मानाने निर्धोक. पण धमनीत सोडताच अंगाची आग होई व रोगी कळवळे. ही वेदना सोसलीच पाहिजे, असे जणू ठरून गेले होते.

स्वीडनमधील तरुण क्ष-किरणतज्ज्ञ टॉर्स्टेन आल्मेन यांना ते पटेना. बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात पोहताना डोळे चुरचुरत नाहीत, पश्चिम किनाऱ्यावर मात्र चुरचुरतात, या अनुभवाने त्यांना दिशा दाखविली असे सांगतात. दोष आयोडीनचा नव्हे, द्रावातील कणांच्या गर्दीचा होता. क्षार विरघळताच त्याचे दोन कण होत. आयोडीन एकातच असे, दुसरा व्यर्थ. अशा द्रावाची तीव्रता रक्ताच्या पाच ते आठ पट असे. मग न फुटणारा रेणूच का घडवू नये?

वैद्यकीय नियतकालिकांनी हा विचार स्वीकारला नाही. अखेर १९६९ साली तो सैद्धांतिक जीवशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नॉर्वेतील नायगार्ड कंपनीने त्यावरून प्रथम मेट्रिझामाइड आणि पुढे, १९८० नंतरच्या दशकात, आयोहेक्सॉल बाजारात आणले. तीव्रता रक्ताच्या दुपटी-तिपटीवर आली.

दरम्यान, १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रोग्याचा सीटी स्कॅन झाला होता. या तपासणीत रोग्याने निश्चल पडून राहणे अगत्याचे असते; मळमळ किंवा उलटी झाली की चित्रच बिघडते. म्हणजे रोग्याचे स्वास्थ्य ही केवळ दयेची बाब उरली नाही. अचूक निदानही तिच्यावर अवलंबून राहिले.

आजही द्रव्य शिरेत जाताना अंगातून ऊब पसरते. पण ती क्षणभराची. थोरोट्रास्टने वेदना टाळली आणि घात केला. आल्मेन यांनी वेदनेचे कारण शोधले. या दोहोंतील अंतर अनेक रोग्यांच्या आयुष्याएवढे आहे.