रंग उतरण्याआधी

इंझोरी गावाच्या शिवारात गोगलगाय म्हटलं की सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करणारी शंखीच आठवते. ती मेली तरी शंख बांधावर पडून राहतो. समुद्रातल्या गोगलगायींच्या एका मोठ्या गटानं मात्र शंखच टाकून दिला. त्यातल्या कित्येकींचे कल्लेही उघड्यावर, पाठीवर फुलासारखे. जिवंतपणी जांभळा, शेंदरी, पिवळा असा भडक थाट. स्पिरिटच्या बाटलीत टाकलं की रंग उतरतो, अंग आक्रसतं आणि उरतो फिकट गोळा. शंखशिंपल्यांनी हौशी लोकांची कपाटं भरली, या बिनशंखी गोगलगायीचं मात्र काही टिकेना. त्यामुळे तिच्या अभ्यासात चित्राला नमुन्याइतकीच किंमत आली.

ही रीत पक्की केली न्यूकॅसलच्या जोशुआ ऑल्डर आणि अल्बनी हॅन्कॉक या जोडीनं. ब्रिटनच्या समुद्री गोगलगायींवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ रे सोसायटीनं १८४५ ते १८५५ या काळात भागाभागानं छापला. प्राणी खाऱ्या पाण्यात जिवंत ठेवायचा. हात लागला की तो मिटतो, म्हणून पुन्हा उलगडेपर्यंत थांबायचं. मग शिंगं, कल्ले, पाठीवरचे ठिपके कागदावर घ्यायचे. चिरफाड नंतर.

हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर हेच केलं वॉल्टर एलियटनं. माणूस आपल्याला अगदीच परका नाही. १८२४ मध्ये कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, तेव्हा त्याचा तरुण मदतनीस एलियट कैदेत सापडला होता. सुटल्यावर तो त्याच भागात रमला आणि १८३९ मध्ये दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी त्यानं प्रसिद्ध केली. पुढे त्याचा मुक्काम विशाखापट्टणमजवळच्या वॉल्टेअरला पडला. तिथं मिळालेल्या समुद्री गोगलगायींची रंगीत चित्रं त्यानं स्थानिक चित्रकाराकडून काढून घेतली. चित्रं आणि बाटल्या ऑल्डर-हॅन्कॉककडे गेल्या. त्यावरचा त्यांचा निबंध १८६४ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीनं छापला. त्यातल्या एका नव्या प्रजातीचं नाव कलिंगा ऑर्नाटा: अशोकाच्या लढाईमुळे शाळेत पाठ झालेला कलिंग देश असा एका गोगलगायीच्या वाट्याला आला. निबंधाच्या शीर्षकात एलियट आहे, कुंचला धरणारा नाही. हे मला खटकतं. रंगांच्या बाबतीत खरा साक्षीदार तोच होता.

त्याच सुमारास श्रीलंकेत केलार्ट नावाचा डॉक्टर हाच उद्योग करत होता. त्याची चित्रं आणि न्यूकॅसलच्या संग्रहालयातला ऑल्डर-हॅन्कॉकचा जुना ऐवज यांचा मेळ १९०६ मध्ये घातला तो दुसऱ्याच एलियटनं. हा चार्ल्स एलियट पेशानं मुत्सद्दी, पुढे जपानमध्ये ब्रिटनचा राजदूत, आणि हिंदू व बौद्ध धर्मांवरच्या तीन खंडांचा लेखक. एवढ्या व्यापात गोगलगायींना वेळ कुठून काढत असेल, देव जाणे.

बडोदं संस्थान या गोष्टीत येतं ते या चार्ल्स एलियटच्याच हातून. द्वारकेजवळचं ओखामंडल गायकवाडांच्या ताब्यात होतं. महाराजा सयाजीरावांच्या सरकारसाठी जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञानं तिथल्या समुद्राची पाहणी केली. १९०५-०६ मध्ये त्यानं गोळा केलेल्या समुद्री गोगलगायी ओळखायला चार्ल्स एलियटकडे गेल्या. बडोदे सरकारला सादर झालेल्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये लंडनला छापून निघाला, त्यात एलियटचं स्वतंत्र प्रकरण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात, समुद्रापासून लांब जन्मलेल्या राजाच्या दरबारी कागदांत, शेतसारा आणि शाळांच्या हिशेबांशेजारी, या बिनशंखी गोगलगायींचीही अशी नोंद झाली.