दोन टोप्यांची गोष्ट

कोकणातल्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती. रीतसर परवान्याची, शेताच्या राखणीसाठी. भाताला दाणा धरला की रात्री रानडुकरं उतरायची. आजोबा नळीत दारू ओतायचे, चिंधी आणि शिसं गजाने ठासायचे आणि शेवटी मागच्या बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायचे. दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीणच ती. घोडा पडला की टोपी फुटायची, ठिणगी आत जायची आणि बार उडायचा. डुकरं मरण्यापेक्षा पळायचीच जास्त. आम्हा मुलांना बंदुकीला हात लावायची बंदी होती, पण फुटलेल्या टोप्या गोळा करायला मुभा होती.

पुढे वाचनात या टोपीचा उगम सापडला तेव्हा मी चकित झालो. तो होता स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावच्या एका पाद्र्याच्या घरी. अलेक्झांडर फोर्सिथ त्यांचं नाव. त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. त्या काळची बंदूक चकमकीची. गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी बाहेरच्या दारूवर पडायची आणि मग आतली दारू पेटायची. (या बाहेरच्या दारूला आपल्याकडे ‘रंजक’ म्हणत. आज हा शब्द दिसला की आपल्याला कादंबरीच आठवते.) पण बाहेरचा भडका दिसताच पक्षी उडून जात. फोर्सिथसाहेबांनी नुसत्या आघाताने पेटणारी रसायनं वापरून पाहिली आणि १८०७ साली पेटंट मिळवलं. पुढच्या दोन दशकांत त्या कल्पनेची तांब्याची टोपी झाली. तिच्यात पाऱ्यापासून केलेलं स्फोटक असे. पावसातही बंदूक सहसा दगा देईना.

ही टोपी अमेरिकेत पोहोचली तेव्हा तिथे दुसऱ्याच टोपीसाठी धावपळ चालली होती. युरोपातल्या सभ्य गृहस्थाच्या डोक्यावर उंच हॅट हवी आणि ती बीव्हरच्या लोकरीचीच हवी. बीव्हर म्हणजे ओढ्यावर धरण बांधणारा, दाट केसांचा प्राणी. १८२२ साली सेंट लुई शहरात विल्यम अ‍ॅशली यांनी मिसुरी नदीच्या उगमाकडे जायला शंभर तरुण हवेत अशी जाहिरात दिली. १८२५ पासून १८४० पर्यंत जवळजवळ दर उन्हाळ्यात हे फासेपारधी रॉकी पर्वतात कुठेतरी जमत. कातडी द्यायची, दारू, शिसं, कॉफी आणि व्हिस्की घ्यायची. वर्षाची कमाई चार दिवसांत संपे.

सेंट लुईमध्येच जेकब आणि सॅम्युएल हॉकन या भावांचं बंदुकांचं दुकान होतं. पूर्वेकडच्या जंगलातली लांबलचक नाजूक रायफल घोड्यावर अडचणीची होई, पडली की तिचा लाकडी दस्ता मोडे. हॉकन बंधूंनी नळी आखूड पण जाड, अष्टकोनी केली. लाकूड नळीच्या निम्म्यापर्यंतच ठेवलं. पितळी नक्षीऐवजी साधं लोखंड वापरलं. वजन साडेचार-पाच किलो, गोळी सुमारे अर्ध्या इंचाची. रानगवा आडवा करायला तेवढी लागेच. चाप दोन. मागचा आधी ओढून ठेवला की पुढचा नुसत्या स्पर्शाने सुटे.

सिनेमावाल्यांनी या बंदुकीचं पुराण केलं. रॉबर्ट रेडफर्डचा १९७२ सालचा ‘जेरेमाया जॉन्सन’ अनेकांना आठवत असेल. पण बीव्हर गोळीने मारतच नसत, कातड्याला भोक कशाला पाडायचं? त्याला पोलादी सापळ्यात अडकवून पाण्यात बुडवत. रायफल होती ती पोटासाठी आणि जिवासाठी. शिवाय बऱ्याच फासेपारध्यांच्या खांद्यावर पेनसिल्व्हेनियातल्या हेन्री घराण्याच्या कारखान्याची बंदूक असे. हॉकनचा खप वाढला तो बीव्हरचा धंदा बसल्यावर, ओरेगॉन-कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या गाड्यांच्या तांड्यांमुळे.

ज्यांची ती भूमी होती, त्या मूळ रहिवाशांतल्या अनेकांनी मात्र चकमकीचीच बंदूक पसंत केली. मला हा शहाणपणाचा निर्णय वाटतो. गारगोटी नदीकाठी मिळते; तांब्याची टोपी व्यापाऱ्याकडूनच घ्यावी लागते आणि ती संपली की हातात नुसती काठी उरते. दारू आणि शिशासाठी ते तसेही त्याच्यावर अवलंबून होतेच. आणि त्यांचा मोठा घात बंदुकीने केलाच नाही. १८३७ साली फर कंपनीच्या ‘सेंट पीटर्स’ या आगबोटीबरोबर देवीचा रोग मिसुरीच्या वरच्या खोऱ्यात गेला. मँडन जमातीची भरलेली गावं ओस पडली. जगले ते जेमतेम शे-दीडशे.

तोवर ओढेही रिते होत आले होते. उरल्यासुरल्या बीव्हरना वाचवलं ते रेशमाच्या किड्याने. फॅशन बदलली, रेशमी हॅट आली आणि भाव कोसळला. जाता जाता सांगतो, लोकरीची हॅट करणारे कारागीरही पारा वापरत. त्याच्या वाफेने त्यांचे हात थरथरत, डोकं भ्रमिष्ट होई. डोक्यावरची टोपी आणि बंदुकीवरची टोपी, दोन्हींत पारा.

जेकब हॉकन १८४९ च्या पटकीत गेला. सॅम्युएल १८८४ पर्यंत जगला. बोंडी आणि टोपी मागे पडून काडतुसांचं राज्य आलेलं त्याने पाहिलं. फासेपारध्यांमधला नामांकित जिम ब्रिजर, त्याची हॉकन रायफल मोंटाना राज्याच्या इतिहास संस्थेने हेलेना शहरात जपून ठेवली आहे. आजोबांची बंदूक आम्ही त्यांच्यामागे सरकारजमा केली. टोप्यांची एक गंजकी डबी तेवढी नजरचुकीने घरात राहिली होती. आईने तिच्यात बरीच वर्षं सुया ठेवल्या.