दोन प्लॅस्टिकं आणि एक मिसळ

जॅक वेल्च हे नाव आपल्या आयटीवाल्यांना आठवतं ते अप्रेझलच्या वेळी. तळाच्या १० टक्के लोकांना दरवर्षी घरी पाठवायची पद्धत त्याच्याच नावावर आहे. पण हा माणूस मुळात केमिकल इंजिनिअर. १९६० साली जीईमध्ये लागला तो पीपीओ नावाच्या एका नव्या प्लॅस्टिकवर काम करायला. मला विचाराल तर त्या प्लॅस्टिकची गोष्ट त्याच्या मॅनेजमेंटपेक्षा जास्त भारी आहे.

१९५६ साली जीईच्या स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत ॲलन हे (होय, आडनावच 'हे'!) या केमिस्टने तांब्याचा उत्प्रेरक आणि साधा ऑक्सिजन वापरून हे पीपीओ बनवलं. गुण काय, तर सुमारे २१० अंश सेल्सिअसपर्यंत मऊ पडत नाही. आणि दोष? तोच! साच्यात ओतायचं तर त्याहून कितीतरी जास्त तापवावं लागायचं. शिवाय गरम जागी वापरलं की काही काळाने ठिसूळ होऊन तडे जायचे. वेल्चने २००१ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की या तड्यांमुळे सगळा प्रकल्पच धोक्यात आला होता.

वाचवलं कोणी, तर पॉलिस्टायरीनने. सीडीची ती चटकन तुटणारी डबी असते ना, ते स्वस्तातलं प्लॅस्टिक. दोन्ही एकत्र वितळवली आणि ती चक्क एकजीव झाली.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? मोठं हे, की दोन प्लॅस्टिकं सहसा एकजीव होतच नाहीत. टोपलीत झेंडू आणि शेवंतीची सुटी फुलं टाकून हलवा, आपोआप मिसळतात, कारण मिसळलेल्या अवस्थेत मांडणीचे प्रकार प्रचंड असतात. आता हजार-हजार फुलांचे हार ओवा आणि मग हलवा! प्रत्येक फूल शेजाऱ्याला बांधलेलं, त्यामुळे मोकळीक जवळजवळ संपली. पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी १९४१-४२ च्या सुमारास स्वतंत्रपणे हेच गणितात मांडलं. साखळीत हजार कड्या असतील तर मिसळण्यातून मिळणारा हा फायदा दर कडीमागे हजारपटीने घटतो. मग दोन रेणूंमधली किंचितशी नावडसुद्धा त्यांना वेगळं ठेवायला पुरते. एकजीव व्हायचं तर नावड नसून चालत नाही, थोडी का होईना, ओढ लागते.

पीपीओ आणि पॉलिस्टायरीनमध्ये ती आहे. दोघांच्याही साखळीत बेंझीनची षटकोनी वलयं असतात आणि ती एकमेकांजवळ बसणं पसंत करतात. ही ओढ अगदी किरकोळ, पण ती कडीगणिक लागू होते, हजाराने भागली जात नाही. इथेच बाजी पलटते. पुरावाही सोपा आहे. पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंशांना मऊ पडतं, पीपीओ २१० ला. मिश्रण नुसतं कालवलेलं असतं तर दोन्ही तापमानं वेगवेगळी दिसली असती. प्रत्यक्षात मधलं एकच दिसतं, आणि प्रमाण बदललं की तेही सरकतं. म्हणजे किती उष्णता सोसायची आणि किती सहज ओतायचं, हे इंजिनिअरने ठरवायचं!

१९६६ साली हे मिश्रण 'नॉरिल' नावाने बाजारात आलं. त्याचं पेटंट एरिक सिझेकच्या नावे १९६८ साली मंजूर झालं. गाड्यांचे डॅशबोर्ड आणि कॉम्प्युटरची खोकी यातून बनली. २००७ साली जीईने प्लॅस्टिकचा अख्खा धंदा सौदीच्या साबिकला विकला, तरी नॉरिल आजही मिळतं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. मार लागल्यावर तडकू नये म्हणून त्यात रबरही घालतात. ते मात्र मुद्दाम न मिसळणारं! त्याचे बारीक कण वेगळे राहतात आणि तडा पसरू देत नाहीत. पण असं वेगळं राहणं उपयोगी पडतं ते कण बारीक असले आणि भोवतालच्या प्लॅस्टिकला घट्ट धरून असले तरच. नाहीतर सांध्यावरच तुकडा पडतो. कचऱ्यातली बाटली आणि तिचं झाकण वेगळ्या प्लॅस्टिकचं असतं. ती एकत्र वितळवून चांगला माल होत नाही, निवडावीच लागतात, त्याचं कारण हेच. नॉरिलसारखी जोडी रोज रोज जमत नाही.