कुब्लाईखान

कुब्लाईखान : (२३ सप्टेंबर १२१५ – १८ फेब्रुवारी १२९४). मंगोल सम्राट व चीनमधील युआन वंशाचा संस्थापक. चंगीझखानाचा नातू आणि टोलुईचा मुलगा. वडील बंधू मंगूखान १२५१ मध्ये प्रमुख खान झाल्यावर त्याने उत्तर चीनचा कारभार कुब्लाईकडे सोपविला. चिनी विद्वानांच्या सल्ल्याने शेतीस उत्तेजन देऊन स्थिर महसूल मिळविण्याचे धोरण कुब्लाईने तेथेच अंगीकारले.

मंगूखानाच्या मृत्यूनंतर (१२५९) कुब्लाई १२६० मध्ये गादीवर आला. परंतु धाकटा भाऊ आरिक बोके यानेही खानपदावर हक्क सांगितला. कुब्लाईने काराकोरमचा धान्यपुरवठा रोखला व १२६४ मध्ये आरिक बोके शरण आला. तथापि या यादवीने साम्राज्याचे ऐक्य भंगले. इराणच्या इलखानांनीच काय ते त्याचे नाममात्र वर्चस्व मानले.

कुब्लाईने दादू (सध्याचे बीजिंग) ही राजधानी वसविली व १२७१ मध्ये युआन हे चिनी नाव वंशास दिले. दक्षिणेतील सुंग राज्याचे शियांगयांग हे ठाणे सुमारे पाच वर्षांच्या वेढ्यानंतर १२७३ मध्ये पडले. १२७६ मध्ये हांगजो ही राजधानी शरण आली आणि १२७९ मधील नाविक लढाईत सुंग सत्ता संपुष्टात आली. संपूर्ण चीन परकीय वंशाच्या अंमलाखाली येण्याचा हा पहिलाच प्रसंग होय.

त्याने टपालव्यवस्था वाढविली, महाकालवा राजधानीपर्यंत नेला व कागदी चलन रूढ केले. ग्वो शौजिंग या ज्योतिर्विदाचे सुधारित पंचांग १२८१ मध्ये प्रचारात आले. तिबेटी धर्मगुरू फाग्सपा याने दरबारासाठी नवी लिपी तयार केली. मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाच्या वृत्तांतामुळे त्याची कीर्ती यूरोपात पसरली.

मात्र राज्यपद्धती चिनी असली, तरी वरिष्ठ अधिकारपदे मुख्यतः मंगोल व मध्य आशियाई लोकांकडेच राहिली आणि चिनी परंपरेतील सनदी परीक्षा त्याने सुरू केल्या नाहीत. जपानवरील दोन्ही स्वाऱ्या (१२७४ व १२८१) फसल्या. व्हिएटनाम व जावा येथेही चिरस्थायी यश लाभले नाही. वाढत्या खर्चामुळे चलन घसरले. १२८७ मध्ये नव्या चलनातील एका नोटेस जुन्या पाच नोटांचे मूल्य ठरविण्यात आले.

त्याच्या मृत्यूनंतर युआन सत्ता चीनमध्ये १३६८ पर्यंतच टिकली. त्याने साधलेले उत्तर व दक्षिण चीनचे एकीकरण मात्र पुढील मिंग वंशाने कायम राखले, ही त्याच्या कारकीर्दीची सर्वांत टिकाऊ फलश्रुती होय.